बूट होताना स्वतःचे कर्नल मॉड्यूल: मोजणी-बोर्डाच्या प्रकल्प नोंदी

(आज्ञा, फायली आणि मॉड्यूलांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग.)

५ फेब्रुवारी २०२४: मांडणी

वीज आली की कुणी हात न लावता बोर्डाने स्पंदने मोजायला लागायचे, एवढे काम. मोजणी एफपीजीए (आतले सर्किट हवे तसे भरून घेता येणारी चिप) करते. तिच्याशी एसपीआयवरून (चिपांमधली सिरियल बस) बोलणारा ड्रायव्हर हे कर्नल मॉड्यूल आहे, म्हणजे चालू कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) नंतर घालता येणारा तुकडा. तो कर्नलच्या मूळ झाडाबाहेर (सोर्स कोडच्या फोल्डरांबाहेर) ठेवलेला आहे आणि तो प्रत्येक बूटला आपोआप लोड व्हायला हवा.

हार्डवेअर: एका कोअरचा आर्म कॉर्टेक्स-ए८, ५१२ एमबी रॅम, ईएमएमसी. एसपीआय बस १, चिप-सिलेक्ट (बसवरची चिप निवडणारी लाइन) ० वर लॅटिसची आइसफोर्टी एचएक्स८के (हीच ती एफपीजीए), क्लॉक १० मेगाहर्ट्झ. एफपीजीएची इंटरप्ट लाइन थेट प्रोसेसरला जाते. लेव्हल ट्रिगर, हाय असेपर्यंत चालू. रीसेट लाइन मात्र थेट नाही. प्रोसेसरच्या पिना संपल्या, म्हणून ती आय२सी या दुसऱ्या बसवरच्या पीसीए९५५५ एक्स्पांडरवर (जादा पिना देणारी चिप; १६ लाइन, पत्ता हेक्स २०) काढली आहे. म्हणजे एफपीजीए उठवण्याआधी एक्स्पांडर जागा असायला हवा.

सॉफ्टवेअर: बिल्डरूट (इमेज बनवणारे साधन), बिझीबॉक्स इनिट (बूटनंतरचा पहिला प्रोग्रॅम), एमडेव्ह (नव्या डिव्हाइसांची दखल घेणारा), लिनक्स कर्नल ५.१५.१४८. रूट फाइलसिस्टिम स्क्वॉशएफएस, म्हणजे फक्त वाचायची.

मॉड्यूल दोन. 'पल्सकोअर'मध्ये रिंग बफर आणि कॅरेक्टर डिव्हाइस. 'पल्सएसपीआय' हा प्रत्यक्ष ड्रायव्हर, पहिल्याने एक्स्पोर्ट केलेली फंक्शन्स वापरणारा. आइसफोर्टीत बिटस्ट्रीम (तिचे सर्किट ठरवणारी फाइल) भरणारा एफपीजीए मॅनेजर ड्रायव्हर कर्नलमध्ये तयार आहे, पण इथे बिटस्ट्रीम भरणे आणि नंतरची मोजणी दोन्ही त्याच चिप-सिलेक्टवर होतात. एका एसपीआय डिव्हाइसला एकच ड्रायव्हर बांधला जातो, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडले आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) एकाच चिप-सिलेक्टवर दोन नोड टाकले तर दुसऱ्याला कर्नल 'आधीच वापरात' म्हणून नाकारतो. म्हणून भरण्याचे कामही पल्सएसपीआयच करतो.

हे सगळे कर्नलमध्येच बिल्ट-इन का नाही? ड्रायव्हर अजून रोज बदलतोय आणि दर बदलाला कर्नल इमेज जाळायची नाही, इतकेच. रूट फाइलसिस्टिम माउंट होण्याआधी लागणारा ड्रायव्हर (ईएमएमसी, स्क्वॉशएफएस) बिल्ट-इन किंवा इनिटरॅमएफएसमध्येच (कर्नलबरोबर रॅममध्ये येणारी छोटी फाइलसिस्टिम) हवा. तो रूटवर ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली कपाटाच्या आत ठेवणे.

६ फेब्रुवारी: बिल्ड

मेकफाइल चार ओळींची, तरी अर्धा दिवस गेला. 'ओबीजे-एम'मध्ये पल्सएसपीआय.ओ लिहिले आणि त्याचे घटक म्हणून पल्सएसपीआय.ओ व बिटस्ट्रीम.ओ दिले. मेकने 'सर्क्युलर डिपेंडन्सी ड्रॉप्ड' अशी एक ओळ छापली आणि बिल्ड पुढे रेटला. हाती आलेल्या .केओमध्ये (बनलेली मॉड्यूल फाइल) मुख्य फाइलच नव्हती. लोड होई, पण इनिट फंक्शन नसल्याने काही करत नसे. अनेक फायलींच्या मॉड्यूलमध्ये कुठल्याही सोर्स फाइलला मॉड्यूलचे नाव द्यायचे नाही. फाइलचे नाव बदलून पल्स_मेन.सी केले.

मॉड्यूल ज्या कर्नल झाडावर बिल्ड करायचे ते नुसते 'मॉड्यूल्स_प्रिपेअर' केलेले असून चालत नाही. त्याने हेडर तयार होतात, पण मॉड्यूल.सिमव्हर्स ही फाइल (सिम्बॉल, म्हणजे एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनांची नावे, आणि त्यांचे चेकसम) बनत नाही. ती पूर्ण बिल्डनंतरच येते. मॉडव्हर्जन्स (लोड करताना ते चेकसम ताडून पाहणे) चालू असेल तर तिच्याशिवाय बनलेले मॉड्यूल लोड होताना 'मॉड्यूल_लेआउट' या सिम्बॉलवरून अडते. दोन मॉड्यूल वेगवेगळ्या फोल्डरांत असती तर पल्सकोअरची सिमव्हर्स फाइल केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्समधून दाखवावी लागली असती. इथे दोन्ही एकाच फोल्डरात एकाच मेकफाइलखाली आहेत, ते निभावले.

बोर्डावर पहिला इन्समॉड (मॉड्यूल लोड करणारी आज्ञा): 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. इन्समॉडच्या या संदेशावर विसंबून काही ठरवू नये, खरे कारण डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) असते:

पल्सएसपीआय: व्हर्जन मॅजिक '५.१५.१४८+ एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड एआरएमव्ही७ पी२व्ही८' शुड बी '५.१५.१४८ एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड एआरएमव्ही७ पी२व्ही८'

फरक एका अधिक चिन्हाचा. डेव्हलपरच्या मशीनवरचे कर्नल झाड गिटमध्ये होते आणि टॅगच्या पुढे एक कमिट होता; अशा झाडाच्या आवृत्तीला बिल्ड स्वतःहून '+' जोडते. बोर्डावरचा कर्नल टारबॉलमधून बनलेला, त्याला गिट ठाऊकच नाही. मेकला लोकलव्हर्जन हे व्हेरिएबल रिकामे का होईना पण दिले की '+' लागत नाही. तेवढ्यावर न थांबता दोन्ही बिल्ड एकाच कर्नल झाडावरून करायचे ठरले. नुसती नावे जुळवून कॉन्फिग वेगळे राहिले तर मॉड्यूल लोड होईल आणि मग एखाद्या स्ट्रक्चरच्या चुकीच्या ऑफसेटवर लिहीत बसेल. व्हर्जन मॅजिक अडवते म्हणून मॉड्यूल जबरदस्तीने लोड करणे त्याहून वाईट.

८ फेब्रुवारी: जागेवर बसवणे

'मॉड्यूल्स_इन्स्टॉल'ला इन्स्टॉल_मॉड_पाथ म्हणून टार्गेटच्या रूटचा पत्ता दिला. ५.१५ मध्ये बाहेरची मॉड्यूल /लिब/मॉड्यूल्स/५.१५.१४८/एक्स्ट्रामध्ये जातात. इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ दिल्याने डीबग माहिती गळली आणि फाइल शेकडो केबीवरून काही दहा केबीवर आली. इथे पूर्ण स्ट्रिप करायचे नाही. मॉड्यूल ही रीलोकेटेबल ऑब्जेक्ट फाइल आहे; तिचे सिम्बॉल टेबल गेले तर कर्नलला ती जोडताच येत नाही.

मग डेपमॉड, म्हणजे कोणत्या मॉड्यूलला कोणते लागते याची यादी बनवणारी आज्ञा. याला -बीने टार्गेटचा रूट आणि शेवटी आवृत्ती, दोन्ही सांगावी लागतात. आवृत्ती गाळली तर डेपमॉड होस्टची युनेम -आर (चालू कर्नलची आवृत्ती) घेतो आणि टार्गेटच्या रूटमध्ये त्या नावाचा फोल्डर शोधत बसतो. बोर्डावर डेपमॉड चालवण्याचा प्रश्नच नाही, रूट फक्त वाचायचा आहे. मॉड्यूल्स.डेप (अवलंबने) आणि मॉड्यूल्स.एलियास (डिव्हाइसाच्या ओळखीवरून मॉड्यूलचे नाव) इमेज बनतानाच तयार असायला हव्यात.

एक खोच: डेपमॉडच्या मूळ शोधक्रमात अपडेट्स हा फोल्डर आधी येतो. कधीतरी हाताने तिथे टाकलेली जुनी पल्सएसपीआय.केओ तशीच होती, त्यामुळे एक्स्ट्रामध्ये नवी फाइल ठेवूनही बोर्डावर जुनीच लोड होई. कोणती फाइल उचलली जाणार हे मॉडइन्फो -एन सांगतो. प्रत्यक्ष चालू असलेले बिल्ड कोणते हे /सिस/मॉड्यूल/पल्सएसपीआय/एसआरसीव्हर्जनवरून कळते, मात्र त्यासाठी सोर्समध्ये मॉड्यूल_व्हर्जन लिहिलेले हवे.

१२ फेब्रुवारी: स्टार्टअप स्क्रिप्टचा मार्ग

पहिली आवृत्ती सरळसोट. /इटीसी/इनिट.डीमध्ये एस११पल्स नावाची स्क्रिप्ट, आत पूर्ण पाथ देऊन दोन इन्समॉड. बिझीबॉक्स इनिट आरसीएस चालवतो आणि आरसीएस 'एस'ने सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने. एमडेव्हची एस१० आधी होते, आपली त्यानंतर.

स्क्रिप्टमध्ये पल्सएसपीआय वर आणि पल्सकोअर खाली असे लिहिले गेले होते. 'अननोन सिम्बॉल' येऊन पहिले अडले, दुसरे लोड झाले, आणि स्क्रिप्ट शून्य परत करून मोकळी झाली कारण तिने शेवटच्या आज्ञेचाच निकाल सांगितला. इन्समॉडला अवलंबन कळत नाही. मॉडप्रोब मॉड्यूल्स.डेप वाचून आधी पल्सकोअर लोड करतो, पाथही लागत नाही. तेव्हा दोन ओळींच्या जागी एकच: मॉडप्रोब पल्सएसपीआय. मागे तिचा एक्झिट कोड तपासून लॉगमध्ये एक ओळ.

आता पॅरामीटर. बफरची पाने ८ ऐवजी १६ हवीत, म्हणून /इटीसी/मॉडप्रोब.डी/पल्स.कॉन्फमध्ये लिहिले:

ऑप्शन्स पल्सएसपीआय बफ_पेजेस=१६

रीबूट केले. /सिस/मॉड्यूल/पल्सएसपीआय/पॅरामीटर्स/बफ_पेजेस अजून ८. फाइलच्या परवानग्या, स्पेलिंग, ओळीच्या शेवटचे अदृश्य कॅरेक्टर, सगळे तपासून झाले. दोष फाइलचा नव्हताच. बिझीबॉक्सच्या कॉन्फिगमध्ये 'सिम्प्लिफाइड मॉड्युटिल्स' चालू होते. जवळपास दीड केबी वाचवणारा तो छोटा मॉडप्रोब मॉडप्रोब.डी वाचत नाही आणि मॉड्यूल्स.डेपही वापरत नाही. तो मॉड्यूल्सच्या फोल्डरातल्या फायली स्वतः चाळून अवलंबने आणि एलियास शोधतो. एलियासने पहिल्यांदा लोड करताना पुढच्या वेळेसाठी मॉड्यूल्स.डेप.बीबी नावाची वेगळ्याच धाटणीची फाइल लिहायला बघतो. रूट फक्त वाचायचा असेल तर ते लिहिणे फसते आणि त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. म्हणजे प्रत्येक बूटला प्रत्येक मॉड्यूल उघडून पुन्हा तीच चाळणी.

तो पर्याय बंद केला, पूर्ण आकाराचा मॉडप्रोब घेतला. पॅरामीटर १६ झाला आणि एलियास शोधणेही झपाट्याने होऊ लागले. दीड केबीसाठी केलेली ही काटकसर ५१२ एमबीच्या बोर्डावर शोभत नाही.

पॅरामीटरचे नाव चुकले तर काय होते तेही मुद्दाम पाहिले. ३.११ पासून कर्नल मॉड्यूल नाकारत नाही. 'अननोन पॅरामीटर इग्नोर्ड' एवढी ओळ डीमेसेजमध्ये टाकून डिफॉल्ट किमतीवर पुढे जातो. म्हणून स्क्रिप्टचा एक्झिट कोड शून्य असला तरी पॅरामीटर बसलाच असे नाही. तो सिसएफएसमधून (/सिस) वाचूनच खात्री करायची.

१५ फेब्रुवारी: स्क्रिप्टशिवाय, एलियासवरून

स्क्रिप्टमध्ये मॉड्यूलचे नाव लिहिणे म्हणजे बोर्डावर काय जोडले आहे ते दोन ठिकाणी लिहिणे. डिव्हाइस ट्रीला ते आधीच ठाऊक आहे. कर्नलने डिव्हाइस तयार केले की युइव्हेंटमध्ये (कर्नलने पाठवलेली सूचना) मॉडएलियास (डिव्हाइसाची ओळख) जाते, एमडेव्ह ते मॉडप्रोबला देतो, मॉडप्रोब ते मॉड्यूल्स.एलियासमध्ये शोधतो. एमडेव्ह.कॉन्फमध्ये त्यासाठी मॉडएलियासवर मॉडप्रोब चालवणारी ओळ हवी, बिल्डरूटच्या फाइलमध्ये ती आहे. एमडेव्ह जागा होण्याआधी जन्मलेल्या डिव्हाइसांसाठी एस१० स्क्रिप्ट /सिसमधल्या सगळ्या मॉडएलियास फायली गोळा करून, त्यातली पुनरुक्ती काढून, मॉडप्रोबला एकदम देते.

ड्रायव्हरमध्ये ओएफ मॅच टेबल (डिव्हाइस ट्रीतल्या नावांशी जुळवण्याची यादी) होते, मॉड्यूल_डिव्हाइस_टेबलही होते. एस११पल्स काढून रीबूट केले. मॉड्यूल लोड झाले नाही. हाताने मॉडप्रोब पल्सएसपीआय म्हटले की लगेच लोड होऊन चिपला बांधलेही जाई. म्हणजे डिव्हाइस ट्रीमधला नोड बरोबर, कंपॅटिबल (त्यातले डिव्हाइसाचे नाव) बरोबर, ड्रायव्हर बरोबर, आणि तरीही आपोआप काही नाही.

इथे तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या.

/सिस/बस/एसपीआय/डिव्हाइसेस/एसपीआय१.०/मॉडएलियासमध्ये होते: एसपीआय:पल्स-एफपीजीए

मॉडइन्फोने एलियास म्हणून दाखवले: ओएफ:एन*टी*सीलॅब,पल्स-एफपीजीए

आणि हाताने लोड केल्यावर डीमेसेजमध्ये, सहज नजरेतून सुटेल अशी ओळ होती: एसपीआय ड्रायव्हर पल्सएसपीआय हॅज नो एसपीआय_डिव्हाइस_आयडी फॉर लॅब,पल्स-एफपीजीए

उत्तर यातच आहे. डिव्हाइस ट्रीमधून आलेल्या डिव्हाइससाठीही ५.१५ चा एसपीआय कोअर मॉडएलियास 'एसपीआय:' या उपसर्गानेच पाठवतो आणि त्यात कंपॅटिबलमधला स्वल्पविरामानंतरचा भाग घालतो. ओएफ धाटणीचे एलियास तो पाठवतच नाही. ड्रायव्हर एकदा लोड झाल्यावरची जुळणी मात्र ओएफ टेबलावरून होते, म्हणून हाताने सगळे चालते. हाक मारतात एका नावाने आणि दारावर पाटी दुसऱ्याच नावाची.

उपाय: ड्रायव्हरमध्ये एसपीआय_डिव्हाइस_आयडीचे टेबल घातले, त्यात 'पल्स-एफपीजीए' ही एक नोंद आणि शेवटी रिकामी नोंद. त्यालाही मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल लावले आणि ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये आयडी_टेबल दाखवले. पुन्हा डेपमॉड, पुन्हा इमेज. आता स्क्रिप्टशिवाय लोड होते. शेवटची रिकामी नोंद गाळली तर बिल्डच अडतो, ते बरेच आहे.

प्लॅटफॉर्म डिव्हाइसांत ही भानगड नाही, तिथे ओएफ टेबल पुरते.

नावाबद्दल आणखी एक: फाइलच्या नावात डॅश असेल तर एलएसमॉडमध्ये आणि /सिस/मॉड्यूलमध्ये अंडरस्कोर दिसतो. मॉडप्रोब दोन्ही चालवून घेतो. ग्रेप घेत नाही.

१९ फेब्रुवारी: लोड झाले, पण चालत नाही

एलएसमॉडमध्ये दोन्ही मॉड्यूल दिसतात, /डेव्ह/पल्स० नाही. दहापैकी दोन-तीन बूटला असे.

मॉड्यूल लोड होणे आणि ड्रायव्हर डिव्हाइसला बांधला जाणे या दोन वेगळ्या घटना. पल्सएसपीआयचे इनिट फंक्शन फक्त ड्रायव्हरची नोंदणी करते. त्यानंतर प्रोब (ड्रायव्हरने डिव्हाइस तपासून ताब्यात घेणे) फसला तरी इनिट यशस्वीच धरले जाते, मॉडप्रोब शून्य देतो आणि एलएसमॉडमध्ये नाव झळकते. खरी कसोटी म्हणजे /सिस/बस/एसपीआय/ड्रायव्हर्स/पल्सएसपीआयमध्ये एसपीआय१.० ही लिंक आहे का. आजपासून तपासणी स्क्रिप्ट एलएसमॉडकडे बघणार नाही.

प्रोब का फसतो: रीसेट लाइन पीसीए९५५५वर, आणि त्याचा ड्रायव्हर जीपीआयओ-पीसीए९५३एक्स हादेखील मॉड्यूल. एलियासांच्या गर्दीत कोणाचा नंबर आधी लागेल याची शाश्वती नाही. मॉड्यूल्स.डेपला या नात्याचा पत्ता नसतो, कारण पल्सएसपीआय एक्स्पांडरच्या ड्रायव्हरचे एकही सिम्बॉल वापरत नाही. मधे जीपीआयओचा (साध्या आत-बाहेर लाइनींचा) सामायिक थर आहे.

कर्नलमध्ये यावर सोय आहे. लाइन अजून उपलब्ध नसेल तर जीपीआयओडी_गेट उणे ५१७, म्हणजे ईप्रोब_डिफर देते. प्रोबने तोच आकडा परत केला की कर्नल डिव्हाइसला थांबलेल्यांच्या यादीत टाकतो आणि दुसरा कुठला ड्रायव्हर बांधला गेला की पुन्हा प्रयत्न करतो. आपल्या प्रोबमध्ये मात्र असे होते: लाइन मिळाली नाही तर 'रीसेट सापडला नाही' छापा आणि ईनोडेव्ह परत करा. कर्नलच्या दृष्टीने हा अंतिम नकार. यादीत नाव नाही, पुन्हा प्रयत्न नाही.

आता मिळालेला एरर जसाच्या तसा डेव्ह_एरर_प्रोबमधून परत जातो. ते फंक्शन डिफर असेल तेव्हा लॉग घाण करत नाही आणि कारण नोंदवून ठेवते. डीबगएफएस माउंट करून /सिस/कर्नल/डीबग/डिव्हाइसेस_डिफर्ड वाचले की कोण कशासाठी अडून बसले आहे ते दिसते. एक्स्पांडरचे मॉड्यूल मुद्दाम काढून पाहिले, एसपीआय१.० यादीत आले. ते पुन्हा लोड केले, काही क्षणांत लिंक तयार.

सॉफ्टडेपचा पर्याय होता (मॉडप्रोब.डीमध्ये 'सॉफ्टडेप पल्सएसपीआय प्री: जीपीआयओ-पीसीए९५३एक्स'). त्याने क्रम सुधारतो, पण पुढच्या बोर्डावर एक्स्पांडर बदलला की ती ओळ खोटी ठरते. घेतला नाही.

मोजणीचा प्रोग्रॅम एस५०वर सुरू होतो. डिफरमुळे /डेव्ह/पल्स० थोडे उशिरा येऊ शकते, म्हणून स्क्रिप्ट नोड दिसेपर्यंत ०.१ सेकंदाच्या टप्प्याने जास्तीत जास्त ५ सेकंद थांबते. ठोक 'स्लीप ५' नको. बहुतेक बूटला ते पाच सेकंद फुकट जातात आणि वाईट दिवशी पुरत नाहीत. बिझीबॉक्सच्या स्लीपला अपूर्णांक चालतात की नाही हे त्याच्या कॉन्फिगवर ठरते. चालत नसतील तर एररने लगेच बाहेर पडून थांबण्याचे लूप क्षणात संपते. पाहून घेतले.

२१ फेब्रुवारी: बिटस्ट्रीम

एचएक्स८केची बिटस्ट्रीम १,३५,१०० बाइटची. प्रोब ती रिक्वेस्ट_फर्मवेअरने /लिब/फर्मवेअरमधून घेतो. क्रम असा: चिप-सिलेक्ट लो ठेवून रीसेट लो, किमान २०० नॅनोसेकंद, रीसेट सोडल्यावर चिप आपली मेमरी पुसते, तिला १२०० मायक्रोसेकंद द्यायचे, मग बिटस्ट्रीम, सीडन (भरणे पूर्ण झाल्याचे सांगणारी पिन) हाय झाल्यावर निदान ४९ जादा क्लॉक. जादा क्लॉकसाठी ७ बाइट पाठवले की ५६ होतात. आय२सीवरून रीसेट हलवायलाच २०० नॅनोसेकंदांच्या कित्येक पट वेळ जातो, तिथे वेगळा डिले लागत नाही.

एक प्रयोग: ड्रायव्हर बिल्ट-इन केला. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२'. प्रोब झाला तेव्हा रूट माउंटच झाला नव्हता. तसे ठेवायचे असेल तर बिटस्ट्रीम कर्नल इमेजमध्येच घालावी लागते, त्यासाठी कॉन्फिगमध्ये एक्स्ट्रा_फर्मवेअर आहे. मॉड्यूलला हा प्रश्न येत नाही. जिथून मॉड्यूल आले तिथेच फर्मवेअर आहे.

२६ फेब्रुवारी: बूट लूप

थंड सुरुवातीला, म्हणजे बोर्ड काही वेळ पूर्ण बंद ठेवून वीज दिल्यावर, कर्नल पॅनिक (कर्नल पूर्ण थांबणे). बूट आर्ग्युमेंटमध्ये पॅनिक=५ आहे, म्हणून पाच सेकंदांनी रीबूट, पुन्हा तेच. हाताने मॉड्यूल काढून-घालून कधीच दिसले नव्हते.

आधी बोर्ड ताब्यात घ्यायचा. सिरियल कन्सोलवर यू-बूटमध्ये (कर्नल चढवणारा बूटलोडर) थांबवून बूटआर्ग्सच्या शेवटी मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=पल्सएसपीआय जोडले. हे कर्नल स्वतः पाळतो. लोड करणारा कुणीही असो, नकार मिळतो. मॉडप्रोब.डीमधल्या 'ब्लॅकलिस्ट' ओळीशी याची गल्लत करू नये. ती ओळ एलियासवरून होणारे लोडिंग रोखते, 'मॉडप्रोब पल्सएसपीआय' असे नाव घेऊन सांगितले तर रोखत नाही. शिवाय ती फाइल रूटवर असते आणि रूट फक्त वाचायचा.

कारण: प्रोबमध्ये इंटरप्ट आधी मागितला जाई आणि बफर नंतर तयार होई. आइसफोर्टीच्या पिना बिटस्ट्रीम भरेपर्यंत तरंगत्या असतात, आत दुबळा पुल-अप. म्हणजे थंड सुरुवातीला इंटरप्ट लाइन हाय, आणि आपला इंटरप्ट हाय लेव्हलवर. रिक्वेस्ट_आयआरक्यू परतायच्या आत हँडलर धावला, त्याच्या हातात बफरचा नल पॉइंटर. इंटरप्टमध्ये ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) झाला की पॅनिक ठरलेलाच. हाताने पुन्हा लोड करताना एफपीजीए आधीच भरलेली असे आणि लाइन शांत, म्हणून दोष लपून राहिला.

दोन दुरुस्त्या केल्या. प्रोबमध्ये इंटरप्ट मागणे अगदी शेवटी नेले: बफर, बिटस्ट्रीम, सीडनची खात्री आणि मगच आयआरक्यू. बोर्डावर त्या लाइनला ४.७ किलोओहमचा पुल-डाउन. नुसता रेझिस्टर लावूनही पॅनिक थांबला असता, पण चुकीचा क्रम तसाच दबून राहिला असता.

२८ फेब्रुवारी: सही

मॉड्यूल_सिग_फोर्स (सही नसलेले मॉड्यूल नाकारणे) चालू केले. लगेच 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. सही .केओ फाइलच्या शेपटीला जोडलेली असते आणि इमेज बनवणारी स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी स्ट्रिप करत होती. स्ट्रिपने फाइल नव्याने लिहिली, शेपटी गेली. क्रम पक्का: आधी स्ट्रिप, मग साइन-फाइल (एसएचए२५६, खाजगी की, सर्टिफिकेट, मॉड्यूल), कॉम्प्रेस करायचे असेल तर त्यानंतर. सही शाबूत आहे का ते पाहायला फाइलचा शेवट वाचायचा. तिथे 'मॉड्यूल सिग्नेचर अपेंडेड' अशी साधी अक्षरे असतात.

की दिली नसेल तर कर्नल बिल्ड स्वतःची बनवतो, आणि झाड पूर्ण साफ करून बिल्ड केला की नवी. जुन्या कीने सही केलेली बाहेरची मॉड्यूल मग नव्या कर्नलला परकी. म्हणून की कर्नल झाडाबाहेर ठेवून तिचा पाथ कॉन्फिगमध्ये दिला.

१ मार्च: अपडेट

रूटचे दोन स्लॉट, अ आणि ब. कर्नल मात्र वेगळ्या बूट पार्टिशनवर एकच. चाचणीत ब स्लॉटवर नवा रूट चढवला, कर्नल बदलला, मग मुद्दाम रोलबॅक केला. रूट जुना, कर्नल नवा, आणि /लिब/मॉड्यूल्समध्ये युनेम -आरच्या नावाचा फोल्डरच नाही. एकही मॉड्यूल लोड नाही. नेटवर्कचा ड्रायव्हरही मॉड्यूल असता तर बोर्डाशी बोलायचा मार्गही उरला नसता.

कर्नल, डिव्हाइस ट्री आणि मॉड्यूल एकत्रच हलली पाहिजेत. कर्नल आणि डिव्हाइस ट्री आता प्रत्येक स्लॉटच्या /बूटमध्ये आहेत आणि यू-बूट निवडलेल्या स्लॉटमधूनच दोन्ही उचलतो. त्यासाठी यू-बूटमध्ये स्क्वॉशएफएस वाचण्याची सोय चालू करावी लागली.

४ मार्च: सिस्टिमडी असलेली दुसरी इमेज

त्याच बोर्डाची योक्टो (बिल्डरूटसारखेच साधन) इमेज. एलियासची वाट इथेही तीच, बिझीबॉक्स इनिटच्या जागी सिस्टिमडी, एमडेव्हच्या जागी युडेव्ह. ज्या मॉड्यूलला हार्डवेअरचे एलियासच नाही त्यासाठी /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डीमध्ये .कॉन्फ फाइल, एका ओळीत एक नाव. तिथे नावापुढे पॅरामीटर लिहायचे नाहीत, त्यांची जागा मॉडप्रोब.डीच. रेसिपीत 'इनहेरिट मॉड्यूल', आणि कर्नल_मॉड्यूल_ऑटोलोडमध्ये नाव टाकले की ती .कॉन्फ फाइल पॅकेजमध्ये आपोआप येते. पण पॅकेज इमेजमध्ये यायला ते वेगळे मागावे लागते. ते 'रेकमेंड्स'च्या यादीत लिहिले आणि नावात चूक झाली, तर बिल्ड गप्प राहतो आणि इमेजमध्ये मॉड्यूल नसते. नाव कर्नल-मॉड्यूल-पल्सएसपीआय असे लागते.

मोजणीच्या सर्व्हिसला बाइंड्सटू आणि आफ्टर म्हणून डेव्ह-पल्स०.डिव्हाइस दिले. युडेव्ह नियमात 'सिस्टिमडी' हा टॅग लावल्याशिवाय ते डिव्हाइस युनिट जन्मत नाही, सर्व्हिस वाट बघत टाइमआउट होते. इथे थांबण्याचे लूप लागत नाही.

५ मार्च: मोजमाप

बूट आर्ग्युमेंटमध्ये इनिटकॉल_डीबग दिले. ते मॉड्यूलांच्या इनिटलाही लागू होते, प्रत्येकाला किती मायक्रोसेकंद लागले ते छापते. पल्सएसपीआयचा बहुतेक वेळ बिटस्ट्रीम भरण्यात जातो. हिशोबाने १,३५,१०० × ८ ÷ १,००,००,००० म्हणजे ०.१०८ सेकंद, लॉगमधला आकडा त्याच्या थोडा वर. आइसफोर्टी भरतीसाठी २५ मेगाहर्ट्झपर्यंत चालते. भरताना वेग वाढवून मोजणीला १० वर आणता येईल, पण वाचणारे ०.०६ सेकंद सध्या कुणाला नको आहेत.

रिलेने वीज तोडून-जोडून रात्रभर थंड बूट लावले आहेत. बंद काळ १० सेकंद. एका सेकंदात ३.३ व्होल्टची लाइन पूर्ण खाली येत नाही, एफपीजीए भरलेलीच राहते आणि २६ तारखेच्या जातीचा दोष पुन्हा लपतो. दर बूटला तीनच गोष्टी नोंदायच्या: एसपीआय१.०ची लिंक, बफ_पेजेस=१६, आणि डिव्हाइसेस_डिफर्ड रिकामी.

उरले: पल्सएसपीआयचा रिमूव्ह मार्ग. मोजणी चालू असताना आरएममॉड केले तर आधी आयआरक्यू सुटतो की बफर, हे अजून वाचून पाहिलेले नाही.